सापडलं नाही, म्हणजे नाही असं नाही!

मुलांनो, आधी एक गंमत करू या. पुढचा शब्द मोठ्याने वाचा बरं:

तोफखाना

वाचलात? आमच्या देवळाली कॅम्पच्या मुलांना हा शब्द शिकवावा लागत नाही. लष्कराची 'स्कूल ऑफ आर्टिलरी', म्हणजे तोफखान्याचं शिक्षण देणारी संस्था, इथेच आहे. सराव चालू असला की वर्गात पाढे म्हणताना मध्येच लांबून 'धडाम्!' ऐकू येतं. मग मुलं पुढचा पाढा त्याहून मोठ्याने म्हणतात!

आता याच शब्दात मी दोन ठिकाणी थोडी जागा सोडते:

तोफ खा ना

फळ्यावर हे लिहिलं तेव्हा वर्गात एकच हशा पिकला. "बाई, तोफ कशी खायची? दात पडतील ना!" मग काय, मुलांनी धडाधड शब्द शोधले. दवाखान्याचं झालं 'दवा खा ना', आणि कारखान्याचं 'कार खा ना'. पोळीभाजी सोडून सगळं खायला घातलं त्यांनी मला!

पण जरा विचार करा. 'तोफखाना' आणि 'तोफ खा ना' यांत एक तरी अक्षर बदललं का? काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. बदलली ती फक्त मोकळी जागा. मग मोकळी जागा म्हणजे 'काहीच नाही' असं म्हणता येईल का?

मीही पूर्वी तसंच म्हणत होते. एका यादीने माझे डोळे उघडले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

यादीत नसलेली मुलगी

शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. अर्ज भरलेल्या मुलांची नावं आम्ही शिक्षकांनी मिळून संगणकावर टाइप केली होती. दोनशेहून जास्त नावं! मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली एक मुलगी आली. तिचं खरं नाव सांगणार नाही. आपण तिला सई पगारे म्हणू.

"बाई, माझं नाव आलंय ना यादीत?"

मी घाईत होते. संगणकावर 'शोधा'ची चौकट उघडली, 'सई पगारे' असं टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं की असा मजकूर सापडला नाही.

"नाही गं तुझं नाव," मी म्हणाले. "पैसे भरले नव्हतेस का?"

सई काही बोलली नाही. खाली मान घालून वर्गात गेली आणि शाळा सुटेपर्यंत गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई भाजीची पाटी शेजारणीवर सोपवून शाळेत आली. हातात घडी केलेली पावती होती. "बाई, पैसे तर भरलेत. ही बघा ना पावती. पोरगी रात्रभर जेवली नाही हो."

मला घाम फुटला. या वेळी मी 'शोधा'वर भरवसा ठेवला नाही. यादी कागदावर छापून घेतली, पट्टी धरली आणि एकेक नाव वाचत खाली आले. पाचव्या पानावर सई पगारे हजर! नाव पहिल्यापासून तिथेच होतं.

मग संगणकाला ते का सापडलं नाही? नीट पाहिलं तेव्हा कळलं. टाइप करताना कुणाचं तरी बोट स्पेसबारवर दोनदा पडलं होतं. 'सई' आणि 'पगारे' यांच्यामध्ये एक नव्हे, दोन जागा होत्या. मोकळ्या जागेच्या जागी ठिपका काढून दाखवते:

मी शोधलं: सई·पगारे
यादीत होतं: सई··पगारे

बस्स, एवढाच फरक! आणि त्या एका ठिपक्यापायी एक पोर रात्री उपाशी झोपली.

संगणकाला काय दिसतं?

आपण वाचतो तेव्हा शब्द पाहतो. जागा थोडी कमी की जास्त, इकडे लक्षच जात नाही. संगणकाचं तसं नाही. त्याच्या पोटात प्रत्येक अक्षर हा एक क्रमांक असतो. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात 'न' या अक्षराचा क्रमांक २३४४ आणि 'र'चा २३५२.

आणि मोकळ्या जागेचा? तिलाही क्रमांक आहे बरं का! स्पेसबार दाबला की ३२ हा क्रमांक उमटतो. दोनदा दाबला की ३२, ३२. संगणकाच्या दृष्टीने तीसुद्धा अक्षरंच, फक्त न दिसणारी. मी त्याला एकच ३२ शोधायला सांगितला होता. त्याला तिथे दोन दिसले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हे ते नव्हे."

बरं, मोकळी जागा काय एकाच प्रकारची असते? टॅबची कळ दाबली की एकदम लांब उडी पडते. तिचा क्रमांक ९. एंटर दाबून ओळ मोडली की १० (काही संगणकांवर त्याआधी १३ हाही येतो). आणखी एक चिकट जागा असते, क्रमांक १६०. 'पृष्ठ ५' मधला '५' एकटाच पुढच्या ओळीत जाऊ नये म्हणून ती दोन शब्दांना धरून ठेवते. दिसायला अगदी साध्या जागेसारखी! दुसरीकडून मजकूर उचलून चिकटवला की ती पुष्कळदा गुपचूप सोबत येते.

तुमच्या आजोबांच्या काळात छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पानं छापत. एकेका अक्षराचा एकेक खिळा. दोन शब्दांमध्ये जागा हवी असली तर तिथेही शिशाचा कोरा तुकडा बसवावा लागे. तो खिळ्यांपेक्षा बुटका असे, म्हणून त्याला शाई लागत नसे आणि कागदावर जागा कोरी राही. म्हणजे खिळे जुळवणाऱ्या माणसाला तेव्हाच ठाऊक होतं की कोरी जागा ही हातात धरता येणारी वस्तू आहे!

जागा न सोडणारी लिपी

आता तुम्ही म्हणाल, "बाई, एवढा घोळ होतो तर जागा सोडायचीच कशाला?"

आपल्याकडे एके काळी सोडतच नसत! शिवरायांच्या आणि पेशव्यांच्या काळातली पत्रं, हिशेब, जमिनीचे कागद मोडी लिपीत लिहिलेले आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरांमागून अक्षरं लिहीत जायचा. हात फारसा उचलायचाच नाही. शब्द कुठे संपला, पुढचा कुठे सुरू झाला, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. जुन्या हस्तलिखित पोथ्यांमध्येही अक्षरं अशीच सलग असत. तिकडे युरोपातही पूर्वी लॅटिन ग्रंथ सलग लिहीत. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडमधल्या भिक्षूंनी शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत रुळवली आणि मग ती पसरली.

अशा सलग मजकुरात शोधायचं, तर जागेचा विचारच करायचा नाही. ही पद्धत तुम्हीही वापरता. कधी? उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य म्हणताना! 'टेप आणा आपटे' हे शेवटाकडून वाचा. अक्षरं तीच येतात, पण जागा सरकतात: 'टेपआ णाआ पटे'. आपण जागा विसरतो म्हणून तर गंमत येते.

मग शोधताना संगणकाने काय करावं? जागा मोजाव्यात, की विसराव्यात?

वर्गात भरली सभा

हा प्रश्न मी वर्गातच विचारला. सईचं नाव न घेता घोटाळा सांगितला आणि म्हटलं, "तुम्ही संगणकाला नियम लावून द्या."

पहिल्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठला. "बाई, जागा मोजायच्याच नाहीत! सगळ्या काढून टाकायच्या आणि मग शोधायचं. नाव हमखास सापडेल."

टाळ्या पडल्या. मग मी फळ्यावर लिहिलं: 'देवळासमोर तीन दीपमाळा आहेत.' आणि म्हटलं, "यात 'नदी' शोधा बघू. जागा विसरून हं!"

थोडा वेळ शांतता. मग मागून आवाज आला, "बाई, 'तीनदीपमाळा'... ती-न-दी... अगं बाई, सापडली नदी!"

सगळे हसले. पाण्याचा थेंब नाही तिथे नदी! आमच्या जवळची दारणा नदी राहिली बाजूला, आणि संगणक आपला दीपमाळांमध्ये पोहतोय. जागा अजिबात न मानणारा शोध हवं ते देतो हे खरं, पण नको तेही पदरात टाकतो.

एक मुलगी म्हणाली, "मग जशी टाइप केली तशीच जागा शोधायची. एक म्हणजे एक."

"आणि सईसारखं झालं तर?" (नाव माझ्या तोंडून निसटलंच!)

शेवटी सभेत मधला रस्ता निघाला, आणि तो मला फार आवडला. मुलं म्हणाली, "जागा आहे की नाही, हे बघायचं. पण केवढी आहे, ते बघायचं नाही." म्हणजे शोधणाऱ्याने एक जागा टाइप केली, तर मजकुरात तिथे एक जागा असो, दोन असोत, टॅब असो, चिकट जागा असो की ओळ मोडलेली असो, सापडलं म्हणायचं. पण जागा मुळीच नसेल, तर नाही म्हणायचं. या नियमाने सई सापडते, आणि दीपमाळांत नदी सापडत नाही!

मुलांनो, मोठमोठ्या तज्ज्ञांनीही असाच विचार केला आहे. 'ग्नू ईमॅक्स' नावाचा मजकूर लिहिण्याचा एक प्रोग्रॅम १९८५ पासून मिळतो. त्यात २०१३ पासून शोधताना टाइप केलेली एक जागा ही मजकुरातल्या एक किंवा जास्त जागांशी जुळते. काटेकोर शोध हवा असेल, तर दोन कळांनी ही सवलत बंदही करता येते. आमच्या सभेला हे सांगितलं तेव्हा मुलांची छाती दोन इंच फुगली!

दऱ्या आणि दर्या

पण मराठीचा एक घोटाळा या नियमानेही सुटत नाही. तो ऐका.

'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आमच्या नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र. तो पाहायला घाट उतरून जावं लागतं. लिहिताना फरक एवढाच की 'दऱ्या'त अर्धा र आडवा येतो आणि 'दर्या'त रफार डोक्यावर बसतो.

हा आडवा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात. त्याचा क्रमांक २३५३. दुसऱ्या प्रकारात साधा र, मग हलन्त, आणि त्यांच्यापुढे एक अदृश्य चिन्ह. या चिन्हाचा क्रमांक ८२०५, आणि त्याची रुंदी शून्य! ते जागाही अडवत नाही. फक्त 'इथे रफार करू नका' एवढं कानात सांगतं.

पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' सारख्याच दिसतात. पण आत क्रमांक वेगळे. तुम्ही एका प्रकाराने शोधलं आणि मजकूर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला असला, की 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला एकही शब्द हाती न लागण्याची भीती!

"मग जे दिसत नाही ते सगळं सोडून द्यावं," असं कुणी म्हणेल. पण दुसऱ्या प्रकारातून ते शून्य रुंदीचं चिन्ह काढलं तर काय उरतं? 'दर्या'! दरीत समुद्र शिरला की हो! आचाऱ्यांना द्यायचं स्वयंपाकाचं सामान आचार्यांना पोहोचलं तर कशी पंचाईत होईल?

म्हणून चांगल्या शोधाने दोन्ही प्रकारच्या 'दऱ्या' एकच मानाव्यात, पण 'दऱ्या' आणि 'दर्या' कधीही एक मानू नयेत. असा शोध करायचा, तर प्रोग्रॅम बनवणाऱ्याला मराठी यायला हवी. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी हे काम कराल ना?

शोधताना उदार, बदलताना काटेकोर

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. शोधून नुसतं पाहणं वेगळं, आणि शोधून बदलणं वेगळं.

समजा, तुम्ही एका मुलीची गोष्ट लिहिलीत: 'ती शेतीची माती घेऊन आली.' मग वाटलं, मुलीऐवजी मुलगा करू. संगणकाला सांगितलं, जिथे 'ती' असेल तिथे 'तो' कर. झालं! वाक्य बनलं, 'तो शेतोची मातो घेऊन आली.' ('आली'चं 'आला' तुम्हालाच करायचंय!)

यावर उपाय? 'ती'च्या अलीकडे आणि पलीकडे एकेक जागा टाइप करायची: ·ती·. त्या दोन जागा राखणदारासारख्या उभ्या राहतात. मग शेती आणि माती वाचतात. पण 'ती,' असं स्वल्पविरामासकट लिहिलेलं निसटतं, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीचं 'ती'ही. म्हणून शेवटी डोळ्यांनी वाचायला हवंच.

आणि इथे संगणकाने शहाणपणा करून 'कडेच्या जागा चुकून पडल्या असतील' म्हणत त्या गाळल्या तर? शेतीची पुन्हा शेतो! म्हणूनच आपण टाइप केलेल्या जागा प्रोग्रॅमने न विचारता काढू नयेत. त्या ईमॅक्समध्येही शोधताना मिळणारी सवलत 'शोधा आणि बदला' करताना आपोआप मिळत नाही. सईला शोधताना चार जागा जास्त धरल्या तर बिघडत नाही. पण लिहिलेलं बदलून टाकायचं, तर जसं सांगितलं तसंच व्हावं.

काही ठिकाणी तर मोकळी जागा म्हणजेच मजकूर असतो. १९९१ साली आलेली 'पायथन' ही संगणकाची भाषा घ्या. तिच्यात ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा सांगते, की कोणती सूचना कोणत्या सूचनेच्या पोटात आहे. तिथल्या जागा सरसकट 'नीटनेटक्या' केल्या, तर प्रोग्रॅम चालायचा थांबतो.

करून पाहा

घरी, शाळेत किंवा मोठ्या भावंडांकडे संगणक असेल तर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उलट्या 'पी'सारखी दिसणारी खूण (¶) शोधा. ती दाबली की जागांचे ठिपके, टॅबचे बाण आणि एंटरच्या खुणा दिसू लागतात. आपलं नाव आणि आडनाव मध्ये एक जागा सोडून लिहा, मग दोन जागा सोडून लिहा, आणि 'शोधा'ला कामाला लावा. कोणतं सापडतं, कोणतं नाही, ते वहीत लिहून ठेवा.

एक सवयही लावा. 'शाळेसमोर', 'घरापर्यंत', 'आईसाठी' हे शब्द जोडूनच लिहायचे. 'शाळे समोर' असं तोडून लिहिलंत, तर बाई लाल शाईने गोल करतीलच, आणि संगणकाला तो शब्द सापडणार नाही तो नाहीच!

पालकांसाठी दोन शब्द

कुठल्याही यादीत नाव शोधताना 'नाही' असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर परत फिरू नका. नुसतं आडनाव शोधायला सांगा. नुसतं पहिलं नाव शोधायला सांगा. तरी सापडलं नाही, तर यादी छापून डोळ्यांखालून घाला. आणि यादी करणाऱ्या आम्हा मंडळींनीही हे लक्षात ठेवायला हवं. 'सापडलं नाही' ही संगणकाची बातमी आहे. 'नाव नाही' असं म्हणण्याआधी माणसाने खात्री करायची असते.

आणि सईचं काय झालं?

त्याच दिवशी मी सईला जवळ बोलावून सांगितलं, "तुझं नाव यादीत होतं. माझंच चुकलं." ती म्हणाली, "बाई, संगणकाचं चुकलं ना?"

"नाही गं. त्याने सांगितलं तेवढंच केलं. एकदा शोधलं आणि तुला 'नाही' म्हणून टाकलं, ती चूक माझी."

एक गोष्ट मात्र मी तिला तेव्हा सांगितली नव्हती, ती आता इथे सांगून टाकते. यादीतलं ते पाचवं पान मीच टाइप केलं होतं.

सईने परीक्षा दिली. आता वर्गाची कुठलीही यादी झाली की ती माझ्याशेजारी उभी राहते आणि ठिपके मोजते. "बाई, इथे दोन पडलेत!" अशी हाक आली, की मी मुकाट्याने एक खोडते.

जाता जाता कोडं

पुढच्या प्रत्येक वाक्यात एक फळ किंवा भाजी दडली आहे. जागा विसरून शोधा!

१. एका कडीला दोन कुलपं लावली.
२. देवाचं हे किती सोपे रूप!
३. आषाढात सारं जग वारकऱ्यांचं होतं.

(उत्तरं: १. काकडी, २. पेरू, ३. गवार)